स्क्रीन बोर्डाजवळ नाही, माणसासमोर ठेवा: मराठवाड्यातल्या हापिसांच्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर, आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदांचे मा. सीईओ, आणि तहसीलपासून पंचायत समितीपर्यंत ज्यांच्या सहीने हापिसात टेबल-खुर्ची येते ते सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

मी कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचं काम करतो. मराठवाड्यातल्या तीन-चार जिल्ह्यांत आमच्याकडं हापिसांचे एएमसी, म्हणजे वर्षभराच्या दुरुस्ती-देखभालीचे करार असतात, त्यामुळं तहसील, पंचायत समिती, भूमी अभिलेख, सेवा केंद्र, कुठं एखादी पतसंस्था असं सगळीकडं येणं-जाणं असतं. माझं निम्मं काम टेबलाखाली बसून चालतं, वायर ढिली झाली, यूपीएस बीप मारायलाय, लॅनची क्लिप तुटली, असं काहीबाही. आणि टेबलाखालून एक गोष्ट दिसते जी केबिनमधून दिसत नाही, ती म्हणजे बसणाऱ्यांचे पाय. बऱ्याच जणींचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. कुणी यूपीएसवर ठेवलेत, कुणी खुर्चीच्या खालच्या दांडीला अडकवलेत, कुणी सीपीयूला जागा व्हावी म्हणून दोन्ही पाय एका अंगाला घेतलेत आणि वरचं धड मात्र दुसऱ्या अंगाला, स्क्रीनकडं वळवलंय. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि वर्षानुवर्षं.

माझं म्हणणं एकच आहे साहेब. आपल्याकडं कॉम्प्युटर आले पण त्यांच्या मापाचं टेबल आलं नाही, आणि स्क्रीन कुठं ठेवायची हे भिंतीवरच्या प्लगच्या बोर्डावरून ठरतं, बसणाऱ्याच्या मानेवरून कुणी ठरवत नाही. हे बदलता येतं, त्यातलं बरंचसं तर एकही रुपया खर्च न करता बदलता येतं, फक्त वरून कुणीतरी सांगायला पाहिजे, कारण खालच्या माणसाला स्वतःचं टेबल फिरवायचीसुद्धा भीती वाटते.

नवीन कॉम्प्युटर आला की काय होतं ते सांगतो. खोका उघडायच्या आधी पहिला प्रश्न, बोर्ड कुठंय? जुन्या इमारतीत एका खोलीला एक नाहीतर दोन बोर्ड, तेही दाराजवळ किंवा खिडकीखाली. मॉनिटरची वायर दीड मीटरची, यूपीएसची तेवढीच, म्हणून टेबल बोर्डाकडं सरकवलं जातं. आता त्या टेबलावर आधीच काय काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे, उजव्या हाताला बस्ते, डाव्या हाताला आवक-जावकचं रजिस्टर, मधोमध काच आणि काचेखाली फोन नंबरांची यादी, परिपत्रकं, देवाचा फोटो. हे टेबल लिहिण्यासाठी बनलेलं, त्याची मधली जागा कागदाची. मग स्क्रीनला कोपरा मिळतो. पूर्वी दिवसातून एखादं पत्र टाईप व्हायचं तेव्हा कोपरा चालून जायचा, पण आता सातबारा, फेरफार, दाखले, बिलं, व्हिडिओ मीटिंग सगळंच त्याच स्क्रीनवर, आणि तरी ती अजून कोपऱ्यातच. माणूस समोर बसतो आणि मान दिवसभर एका बाजूला वळलेली राहते. मला लोक विचारतात, दादा, माझी उजवीच बाजू काहून धरते? मी खुर्चीवर बसून बघतो तर स्क्रीन उजव्या कोपऱ्यात असते. मी डॉक्टर नाही, दुखण्याचं निदान माझ्या हातात नाही, पण मान कुठल्या बाजूला वळलेली असते हे मला बसल्या बसल्या दिसतं.

आपलं डोकं साडेचार-पाच किलोच्या आसपास भरतं. मान सरळ असली की ते वजन मणक्यांवर नीट टेकलेलं असतं, पुढं झुकली की ते सगळं मागचे स्नायू ओढून धरतात. पाच किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरली तर माणूस आरामात उभा राहतो, तीच हात लांब करून धरली की दोन मिनिटांत खांदा भरून येतो, मानेचंही तसंच होतं. फरक एवढाच की पिशवी आपण खाली ठेवतो आणि डोकं ठेवता येत नाही. म्हणून स्क्रीन नाकाच्या रेषेत सरळ समोर, हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढ्या अंतरावर, म्हणजे साधारण २० ते ३० इंच, आणि तिची वरची कडा डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असायला पाहिजे, जेणेकरून नजर आपोआप थोडी खाली जाईल आणि मान जाणार नाही. हे काही माझ्या मनचं नाही, अमेरिकेतलं कामगार सुरक्षेचं सरकारी खातं, ओशा, तेही जवळपास हेच सांगतं, फक्त अंतर ते २० ते ४० इंच धरतं.

आता उंचीचं बोलतो, कारण खरा घोळ तिथं आहे आणि ह्याच्यावर कुणी बोलतच नाही.

आपल्या हापिसातलं टेबल २९ ते ३० इंच उंच असतं. साधारण पाच फुटाची बाई घ्या, आपल्याकडं ही काही कमी उंची नाही, निम्म्या ऑपरेटर ताई ह्याच उंचीच्या असतात. तिचे पाय जमिनीला सपाट टेकतील अशी खुर्ची ठेवली तर तिचं कोपर जमिनीपासून २४ इंचाच्या आसपास येतं. टायपिंग करताना कीबोर्ड कोपराच्या पातळीला पाहिजे, थोडा खाली असला तरी चालेल. म्हणजे टेबल तिला पाच-सहा इंच उंच पडलं. मग ती काय करते, खांदे वर उचलून टाईप करते, आणि संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा दगडासारखा होतो. नाहीतर खुर्ची वर घेते, मग हात बरोबर येतात पण पाय लटकतात, मांडीची खालची बाजू खुर्चीच्या कडेवर दाबली जाते, पायाला मुंग्या येतात, म्हणून ती पुढं सरकून खुर्चीच्या टोकावर बसते, आणि तिथं बसली की पाठीला टेका उरत नाही. एका टेबलाच्या उंचीतून कंबर, खांदा आणि पाय अशी तीन दुखणी निघतात. पाच फूट आठ इंचाच्या गड्यालासुद्धा हे टेबल टायपिंगला दोन-तीन इंच उंचच पडतं, पण तो निभावून नेतो, आणि खरेदीच्या कागदावर सही करणारे बहुतेक वेळा त्याच उंचीचे असतात.

ह्यावर उपाय दोनच आहेत. टेबल खाली आणा, नाहीतर माणूस वर घ्या आणि पायाखाली आधार द्या. पायाखालचा आधार म्हणजे काय, तर लोखंडी अँगलची चौकट, तिच्यावर थोडी तिरकी प्लायवूडची फळी, दोन्ही पाय मावतील एवढी रुंद. बास. जिथं तेही नाही तिथं जुन्या कागदाच्या रिमा चिकटपट्टीनं बांधून पायाखाली घेतलेल्या मी पाहिल्यात आणि त्यानंसुद्धा बायकांना मोठा फरक पडतो. पण सरकारी हापिसात बाईनं पाय टेकवायला रिमा का शोधाव्यात?

स्क्रीनच्या उंचीचं असंय की सगळ्यांना एकच माप लागत नाही. एखाद्या उंच भाऊसाहेबाला स्क्रीनखाली दोन-तीन इंचाचं जाड रजिस्टर ठेवलं की मान सरळ होते. पण तेच पाहून शेजारच्या ताईनंही रजिस्टर ठेवलं तर तिची हनुवटी वर उचलली जाते आणि दुखणं वाढतं. कितीतरी जुन्या हापिसांत सीपीयू आडवा टाकून त्याच्यावर मॉनिटर ठेवलेला असतो, त्यावर बुटक्या माणसाला अक्षरशः वर बघत काम करावं लागतं. आणि ज्यांना चाळिशी लागलीय, दुहेरी नंबरचा चष्मा आहे, त्यांचं तर वेगळंच. चष्म्याचा जवळचा नंबर खालच्या भागात असतो, म्हणून ते स्क्रीन वाचायला हनुवटी वर करतात, दिवसभर डोकं मागं टाकून बसतात. त्यांच्यासाठी स्क्रीन इतरांपेक्षा खाली आणि वरच्या बाजूनं थोडी मागं कललेली पाहिजे, नाहीतर स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यायला पाहिजे. आपल्या हापिसांतले अव्वल कारकून, पेशकार बहुतेक पंचेचाळीशीच्या पुढचे आहेत साहेब, हा दोन-चार जणांचा प्रश्न नाही.

स्वस्तातल्या मॉनिटरचा स्टँड वर-खाली होत नाही, फक्त पुढं-मागं कलतो. पण बऱ्याच मॉनिटरला मागं चार स्क्रूची भोकं असतात, त्याला टेबलाच्या कडेला बसणारा आर्म लावला की स्क्रीन पाहिजे तिथं, पाहिजे तेवढी उंच, आणि टेबलावर कागदाला जागाही सुटते. पुढच्या खरेदीत एकतर उंची बदलणारा स्टँड मागा, नाहीतर ही भोकं असलेलाच मॉनिटर मागा, एवढी एक ओळ स्पेसिफिकेशनमध्ये घातली तरी काम होतं.

कॉम्प्युटर टेबल म्हणून जे येतं त्याच्याबद्दलही सांगतो. खाली ओढायचा कीबोर्डचा ट्रे असतो. कल्पना चांगली, कीबोर्ड खाली येतो. पण ट्रे इतका अरुंद की माऊस मावत नाही, मग कीबोर्ड खाली आणि माऊस वर, उजवा हात दिवसभर सहा इंच वर-खाली, तोही लांब करून. वर्षभरात ट्रेचं चॅनल तुटतं, ट्रे एका बाजूला लोंबायला लागतो, मग तो काढून टाकतात आणि कीबोर्ड पुन्हा वर. माऊस आणि कीबोर्ड एकाच पातळीला, एकमेकांना खेटून, कोपर अंगाजवळ, मनगट सरळ, हे चार गुण ज्या टेबलात नाहीत ते कॉम्प्युटर टेबल म्हणून विकत घेऊच नये. खुर्चीचे हातसुद्धा बघा, हात इतके उंच असतात की ते टेबलाच्या कडेला अडकतात, खुर्ची आत सरकत नाही आणि माणूस पुढं वाकून काम करतो. हात खाली-वर होणारी खुर्ची घ्या, नाहीतर बिनहाताची घ्या, ती परवडली.

आता मराठवाड्याचं काम जे आहे ते नुसतं स्क्रीनचं नाही, कागद बघून स्क्रीनवर घालायचं आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायचं काम आठही जिल्ह्यांत चाललं, तेव्हा निजामकाळातली उर्दू, मोडी कागदपत्रं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, खासरापत्रकं बाहेर निघाली, ती वाचायची, स्कॅन करायची, नोंद भरायची. अतिवृष्टी झाली की पंचनाम्याच्या याद्या, गावागावाचे गट नंबर, बँक खाते, आधार, सगळं रातोरात भरायचं. २०२५ च्या सप्टेंबरात पाण्यानं कहर केला तेव्हा ह्याच लोकांनी ते केलं. अशा कामात कागद टेबलावर आडवा पडलेला असतो, स्क्रीन उभी, मान दर ओळीला खाली-वर, खाली-वर, आणि एका यादीत शेकडो ओळी. इथं गरज असते ती तिरक्या कागद-स्टँडची, स्क्रीनला खेटून, स्क्रीनएवढ्याच अंतरावर आणि उंचीवर. मग मानेऐवजी नुसते डोळे फिरतात, आणि चुकाही कमी होतात कारण ओळ सुटत नाही. बाजारात मिळतो, नाही मिळाला तर पॅडला मागून टेका लावून उभं केलं तरी चालतं. मोठ्या रजिस्टरला लाकडी तिरकं स्टँड, पोथी ठेवायला असतं त्याच बनावटीचं थोडं मोठं, कुठलाही सुतार करून देईल.

अक्षराचा आकार ही तर फुकटातली गोष्ट आहे आणि तरी कुणी करत नाही. देवनागरीत वेलांटी, रफार, अनुस्वार, जोडाक्षरं, हे सगळं बारीक अक्षरात एकमेकांत मिसळतं, इंग्रजी जितक्या बारीक आकारात वाचता येतं तितक्यात मराठी वाचता येत नाही. म्हणून लोक पुढं वाकतात, नाक स्क्रीनला लागेपर्यंत. ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून प्लस दाबलं की पान मोठं होतं, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के केलं की सगळंच मोठं होतं. मी जिथं जातो तिथं विचारून हे करून देतो, आणि माणूस लगेच मागं टेकून बसतो. कित्येक जणांना वाटत होतं की डोळ्याचा नंबर वाढलाय.

उजेडाचं आपल्याकडं जास्त बघायला पाहिजे. हे ऊन पुण्या-मुंबईचं ऊन नाही. खिडकी पाठीमागं असली की तिचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं, काहीच दिसत नाही, माणूस एका बाजूला वाकून बघतो. खिडकी स्क्रीनच्या मागं, म्हणजे डोळ्यासमोर असली की बाहेरचा लख्ख उजेड आणि स्क्रीनचा फिका उजेड ह्यात डोळे दमतात. खिडकी बाजूला पाहिजे, स्क्रीन खिडकीच्या भिंतीला काटकोनात. टेबल नुसतं वळवलं की झालं, पण टेबल वळत नाही कारण, परत तेच, बोर्ड. ट्यूबलाईटही डोक्याच्या बरोबर मागं नको, नाहीतर पांढरी रेघ स्क्रीनवर पडते. आणि उन्हाळ्यातला कूलर. मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की कूलरशिवाय बसवत नाही हे मान्यच आहे, पण तो सरळ तोंडावर मारतात. स्क्रीनकडं बघताना माणसाच्या पापण्या नेहमीपेक्षा कमी लवतात, त्यात वारा सरळ डोळ्यावर, मग डोळे कोरडे पडून चुरचुरणारच. कूलरचं तोंड खोलीकडं फिरवा, माणसाच्या चेहऱ्याकडं नको.

सेवा केंद्राच्या खिडकीवर बसणारांचं सगळ्यात वाईट. समोर काच आणि काचेपलीकडं रांग, म्हणून स्क्रीन समोर ठेवता येत नाही, लोकांचं तोंड दिसत नाही, ती बाजूला टाकतात. वर लोकांना नाव-आडनाव बरोबर आहे का ते दाखवायचं म्हणून स्क्रीन अर्धी त्यांच्याकडं वळवलेली. ऑपरेटरचं धड खिडकीकडं, मान स्क्रीनकडं, हात कीबोर्डवर तिसरीकडंच. शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनच्या दिवसांत उत्पन्नाचा, जातीचा, नॉन क्रिमीलेअरचा दाखला काढायला रांग दाराबाहेर जाते, तेव्हा ती पोरं पाणी प्यायलासुद्धा उठत नाहीत. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर प्रवाशासाठी वेगळी छोटी स्क्रीन लावलेली असते, ती तुम्ही पाहिली असेल. तेच इथं करा, हापिसातला जुना मॉनिटर, ज्याला भंगारात काढायचा प्रस्ताव पडून आहे, तो स्प्लिटरनं, म्हणजे एकच चित्र दोन स्क्रीनवर दाखवणाऱ्या जोडणीनं, जोडून लोकांकडं फिरवून ठेवा, ऑपरेटरची स्क्रीन सरळ त्याच्यासमोर, काउंटरच्या पातळीपेक्षा थोडी खाली, म्हणजे वरून माणूसही दिसतो. आणि खुर्ची फिरणारी द्या. वळायचं तर खुर्चीनं वळावं.

तलाठी भाऊसाहेबांकडं लॅपटॉप. लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेलेच, त्यामुळं हाताला बरोबर ठेवला तर मान खाली जाते, मानेला बरोबर ठेवला तर हात वर जातात. सज्जावर, चावडीत, कधी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मांडीवर घेऊन काम चालतं, तिथं इलाज नाही. पण जिथं टेबल आहे तिथं लॅपटॉप उंच करायचा आणि वेगळा कीबोर्ड-माऊस जोडायचा, दोन्ही मिळून हजार-पंधराशेत येतं.

तास बघा. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि हापिसाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. आठवड्याला दोन सुट्ट्या मिळतात, चांगली गोष्ट आहे, पण रोजचं बसणं वाढलं. साडेआठ तासांतला अर्धा तास जेवणाचा. त्यात सर्व्हर दिवसा चालत नाही, म्हणून लोक संध्याकाळी सातनंतर परत बसतात, शेवटची तारीख असली की रात्री बारापर्यंत. कितीही चांगली खुर्ची दिली तरी माणूस एका जागी इतका वेळ बसायला नकोच. अर्ध्या-पाऊण तासानं दोन मिनिटं उठणं, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या झाडाकडं वीस सेकंद बघणं, हे डोळ्याचे डॉक्टर सगळीकडं सांगतात. पण आपल्याकडं उठलेला माणूस कामचुकार दिसतो, आणि साहेबांची फेरी असली की सगळे चिकटून बसतात. तुम्ही एकदा मीटिंगमध्ये तोंडानं सांगा की तासातून एकदा उठायचं, त्याला कुणी बोलणार नाही. तुमच्या तोंडून आल्याशिवाय ते खाली उतरत नाही.

हे दुखणं कुणाच्या वाट्याला येतं तेही लक्षात घ्या. कायम नोकरीतल्या माणसाला वैद्यकीय रजा आहे. सगळ्यात जास्त टायपिंग करणारी पोरं-पोरी कंत्राटी आहेत, एजन्सीकडून आलेली, सुट्टी घेतली की पगार कापला. त्या मानेला पट्टा लावून येतात, मनगटाला क्रेप बँडेज, ड्रॉवरमध्ये बामची डबी. एका ताईला मी विचारलं, दवाखान्यात का जात नाही, तर म्हणाली, "दादा, डॉक्टर म्हणतेत पंधरा दिवस टायपिंग बंद करा. पंधरा दिवस बंद केलं तर माझ्या जागी दुसरी येईल." त्यांना टेबल हलवायचा हक्कसुद्धा वाटत नाही, ते टेबल कुणातरी भाऊसाहेबाच्या नावावर आहे म्हणतात.

बाहेरच्या जगात ह्याला नियम आहेत. युरोपनं १९९० सालीच स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी निर्देश काढला, त्यावरून ब्रिटननं १९९२ मध्ये नियम केले की मालकानं प्रत्येकाची बसायची जागा तपासायची, कामात मध्ये-मध्ये खंड द्यायचा, आणि कर्मचाऱ्यानं मागितलं तर डोळे तपासून द्यायचे. म्हणजे आज पस्तिशीत असलेला आपला क्लार्क जन्माला आला त्या काळातली ही गोष्ट आहे. आपल्याकडं महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानं-आस्थापनांचा कायदा कामाच्या जागी स्वच्छता, उजेड, हवा ह्याची जबाबदारी मालकावर टाकतो, पण तो सरकारी हापिसांना लागू नाही. लागू नसला तरी तुम्हाला कुणी अडवलंय का? एका जिल्हाधिकाऱ्यांनी परिपत्रक काढलं तर एका जिल्ह्यातल्या सगळ्या तहसीलींत टेबलं फिरतील.

तर मागणी अशी आहे. पहिलं म्हणजे इलेक्ट्रिशियन पाठवा. टेबल कुठं असावं हे आधी ठरवा, खडूनं फरशीवर खूण करा, मग बोर्ड आणि लॅन पॉईंट तिथं आणा, पट्टी मारून किंवा जमिनीतून. ह्या एका कामानं निम्मे प्रश्न सुटतात असं मी माझ्या अनुभवावरून सांगतो. यूपीएस आणि सीपीयू टेबलाच्या बाजूला छोट्या स्टँडवर घ्या, पायाची जागा पायाला द्या. त्यासोबतच प्रत्येक तालुक्यात पायाखालचे आधार आणि कागद-स्टँड करून घ्या. आपल्याकडं सरकारी आयटीआय आहेत, वेल्डरचा ट्रेड आहे, पोरांना सरावाला जॉब, म्हणजे बनवायच्या वस्तू, पाहिजेतच, अँगल आणि प्लाय हापिसानं द्यायचं, पोरांचा सराव होईल आणि हापिसाला वस्तू मिळेल. प्राचार्यांशी एक पत्रव्यवहार, एवढंच.

आणि नवीन खरेदी जेव्हा जेम ह्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर टाकाल तेव्हा 'ऑफिस टेबल, स्टँडर्ड साईज' एवढंच लिहू नका. टायपिंगच्या टेबलाची उंची २४ ते २९ इंचांत कमी-जास्त होणारी मागा, बजेटात बसत नसेल तर २६ इंचाची आणि २९ इंचाची अशी दोन मापं मागवा, कुणाला कुठलं ते बसवून बघून द्या. खुर्चीची सीट वर-खाली होणारी, कमरेला टेका असणारी, पाच चाकांची. साहेबांच्या केबिनसाठी उंच पाठीची फिरती खुर्ची येते आणि दिवसभर टायपिंग करणाऱ्या पोरीला मोल्डेड प्लास्टिकची, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. केबिनमधला माणूस अर्धा दिवस दौऱ्यावर आणि मीटिंगला असतो. खुर्ची त्याला द्या ज्याला बसायचंय.

निधी नाही हे उत्तर मला ठाऊक आहे. मोठ्या वस्तूंना निधी लागेल, जिल्हा नियोजनमधून घ्या, मार्चअखेरीला जो पैसा खर्च करायची धावपळ होते त्यातून घ्या. पण टेबल वळवायला, सीपीयूवरून मॉनिटर खाली काढायला, अक्षर मोठं करायला, कूलरचं तोंड फिरवायला, जुनी स्क्रीन लोकांकडं लावायला निधी लागत नाही. एका शनिवारी हापिस रिकामं असताना दोन शिपाई, एक इलेक्ट्रिशियन आणि एक माझ्यासारखा वायरी जोडणारा, तहसीलची सगळी खोली संध्याकाळपर्यंत नीट लागते. मात्र त्या दिवशी बसणाऱ्या माणसांनाही बोलवा, त्यांच्या अंगाला माप घेतल्याशिवाय काही लावू नका. सोमवारी ती माणसं आली आणि त्यांच्या गैरहजेरीत कुणीतरी भलतंच लावून ठेवलं असं व्हायला नको.

अशा शनिवारासाठी ज्या तहसीलदार साहेबांना किंवा बीडीओ मॅडमना माणूस पाहिजे असेल त्यांनी आमच्या भागातल्या एएमसीवाल्याला सांगावं, मी टेप घेऊन येतो, त्या दिवसाचे पैसे घेणार नाही. खरेदीचे प्रस्ताव डिसेंबर-जानेवारीत तयार होतात, त्याच्या आधी प्रत्येक बसणाऱ्याचं कोपर आणि डोळा जमिनीपासून किती इंचावर येतो हे एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद प्रस्तावाला जोडा.

आपला,
कॉम्प्युटर दुरुस्तीवाला,
मराठवाडा